सत्काराला उत्तर

"तुमच्यावरचा आरोप असा आहे," प्राचार्य मुळीक चष्मा पुसत म्हणाले, "की आपण विद्यार्थ्यांच्या मनात प्रश्न निर्माण केले."

"कोणते?" मी विचारलं.

"बघा," शेजारी बसलेले वकील घाटगे त्यांच्याकडे वळून म्हणाले, "इथंसुद्धा चालूच आहे."

आमच्या संस्थेच्या सभागृहात लांबलचक टेबलाच्या पलीकडे माझी चौकशी समिती बसली होती. बसली होती म्हणजे मधली उंच पाठीची खुर्ची रिकामी ठेवून बसली होती. ती खुर्ची बापूसाहेब इंगवल्यांची. बापूसाहेब म्हणजे भाळेगावचे माजी आमदार, संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष आणि ज्यांचं नाव आमच्या महाविद्यालयाला दिलं होतं त्या मातोश्रींचे चिरंजीव. येत्या निवडणुकीत नावामागचं 'माजी' खोडायचा त्यांचा बेत होता. ते आल्याशिवाय काही सुरू करायची आमच्याकडे पद्धत नव्हती आणि वेळेवर यायची त्यांची पद्धत नव्हती. म्हणून गाणं सुरू होण्याआधी तंबोरा लावून ठेवतात तसे मुळीकसर मला आरोप नुसते ऐकवून ठेवत होते.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. राज्यशास्त्राची अधिव्याख्याता, नाव जयमाला कोपर्डे, नोकरी अजून कायम झालेली नाही आणि तोंड वयाच्या मानानं जरा मोठं. हे शेवटचं माझी आई सांगायची. तिचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही.

आरोपामागची हकीकत साधी होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी निवडणुका हा विषय शिकवत असे. पोरांना पुस्तकातली लोकशाही पाठ होत होती, पण ती कुठं राहते हे कुणालाच माहीत नव्हतं. ग्रंथालयात बापूसाहेब आमदार झाले त्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यांचे गठ्ठे पडून होते. ग्रंथपाल त्यांचा उपयोग कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला करत. मी एक गठ्ठा उचलला, वर्गातल्या चाळीस जणांत वाटला आणि म्हटलं, "एकेक आश्वासन घ्या, त्या गावात जा, काय झालं ते डोळ्यांनी बघून या. हाच तुमचा प्रकल्प."

पोरं गेली, बघून आली. वाघजाईवाडीची रुक्साना मुलाणी नावाची मुलगी फळ्यासमोर उभी राहिली. तिच्या वाट्याला तिच्याच गावातला दवाखाना आला होता.

"आमच्या गावात दवाखान्याच्या तीन कोनशिला हायेत," ती म्हणाली. "तिन्हीवर बापूसाहेबांचंच नाव हाय. पयलीला शेळ्या बांधत्यात. दुसरीवर बायका धुणं धुत्यात. तिसरी नवी हाय, तिला अजून काम लागलेलं न्हाई. तर माझा प्रश्न असा हाय मॅडम, की दवाखाना कितव्या भूमिपूजनाला होतो?"

वर्ग हसला. मीही हसले. हसणाऱ्यांत बापूसाहेबांच्या एका कार्यकर्त्याचा मुलगा होता, तो सगळ्यांत जोरात हसला आणि सगळ्यांत आधी घरी गेला. संध्याकाळी मुळीकसरांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, आपण राज्यशास्त्र शिकवा. राजकारण शिकवू नका." मी म्हटलं, मग रसायनशास्त्रवाल्यांनी रसायनं बाटलीतच ठेवायची का? त्याच आठवड्यात चौकशी समिती नेमली गेली.

आता यातली मेख अशी, की आमच्या संस्थेत त्याआधी कधी चौकशी झालीच नव्हती. नको असलेल्या माणसाला नुसतं काढायचे. पण निवडणूक तोंडावर होती आणि घाटगे वकिलांनी या वेळी रीतसर व्हावं असा सल्ला दिला होता. चौकशीची सुरुवात कशी करतात हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक असल्यासारखं एकच माणूस वागला, मराठीचे प्राध्यापक पेठकर. पेठकरसर संस्थेचे कायमचे सूत्रसंचालक. बारशापासून शोकसभेपर्यंत माईक त्यांच्याच हातात. बापूसाहेब सभागृहात येणार, खुर्चीत बसणार, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांना तेवढं पुरे होतं. बापूसाहेब जिथं बसतात तो कार्यक्रम आणि कार्यक्रम म्हटला की आधी सत्कार, मग बाकीचं. टेबलाला जेवढ्या खुर्च्या तेवढ्या शाली आणि तेवढे नारळ त्यांनी सकाळीच मागवून ठेवले होते.

बाहेर गाडीचं दार वाजलं. सगळे उभे राहिले. बापूसाहेब आत आले आणि त्यांच्या मागोमाग तबक घेतलेला शिपाई, गळ्यात कॅमेरा अडकवलेला साप्ताहिकाचा बातमीदार आणि माईक नसतानाही माईक धरल्यासारखी मूठ तोंडाशी नेलेले पेठकरसर.

"ज्यांच्या पदस्पर्शाने ही वास्तू पावन झाली," पेठकरसरांनी सुरुवात केली, "ते आपले सर्वांचे आधारवड..."

मुळीकसरांनी बापूसाहेबांना शाल घातली. बापूसाहेबांनी मुळीकसरांना घातली. घाटगे वकील नको नको म्हणत वाकले आणि त्यांनीही घेतली. मी टेबलाच्या या बाजूला एकटी उभी होते आणि यांचं आटपलं की मला काढतील, असा विचार करत होते.

"आणि आता," पेठकरसरांचा आवाज चढला, "आजच्या बैठकीचं खास आकर्षण. ज्यांच्यासाठी आपण सारे इथं जमलो आहोत, त्या आपल्या तरुण, तडफदार प्राध्यापिका जयमाला कोपर्डे. मी बापूसाहेबांना विनंती करतो, की त्यांनी..."

मुळीकसरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बापूसाहेबांच्या कानाशी लागले. बापूसाहेबांनी ऐकून घेतलं, मान हलवली, तबकातली शाल उचलली, झटकली, टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या खांद्यावर टाकली. हातात नारळ दिला.

"हसा की बाई," ते म्हणाले. "फोटो काढतोय त्यो."

मी हसले. खरं सांगायचं तर मला ते हसू आवरत नव्हतं.

मग आम्ही चौघं शाली पांघरून, पुढ्यात एकेक नारळ ठेवून चौकशीला बसलो. घाटगे वकिलांनी घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या शालीकडे पाहिलं आणि स्वतःच्या शालीकडे पाहिलं. ज्या बाईला अध्यक्षांनी आत्ताच गौरवलं, तिला 'तुम्ही गैरवर्तन केलंत' असं त्याच अध्यक्षांसमोर कसं विचारणार? बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "चहा सांगा." चहा आला, चहा झाला. चौकशी तहकूब झाली ती आजतागायत तहकूब आहे.

साप्ताहिकात फोटो आला. बापूसाहेब शाल घालत आहेत, मी दात काढून हसते आहे. खाली मजकूर होता, 'वर्गात जाहीरनाम्याचा अभ्यास घेणाऱ्या प्रा. कोपर्डे यांचा गौरव. संस्थेत विचारस्वातंत्र्याचा जागर.' स्टाफरूममध्ये काल माझ्याकडे पाठ करून डबा खाणारी माणसं आज मला लोणचं वाढायला लागली. पेठकरसर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मॅडम, खरं सांगतो, मला वाटलं तुम्हाला कुठलंतरी पारितोषिक मिळालंय. पण बघा, माझ्या गाढवपणानं तुमची नोकरी वाचली."

मी त्यांचे मनापासून आभार मानले. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. एवढी मोठी संस्था, एवढा मोठा पुढारी आणि आपल्याच शालीत पाय अडकून पडला, असं मला वाटलं. आईला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "शाल बरी दिसतेय. पण धुतल्यावर रंग जाईल." आईला सुतातलं कळायचं, मला राज्यशास्त्रातलं. यात जास्त उपयोगाचं काय ते मला पुढं समजलं.

दुसऱ्या आठवड्यापासून महाविद्यालयाच्या दारात माझ्यासाठी जीप यायला लागली. पतसंस्थेचा वर्धापनदिन, व्यापारी मंडळाचं स्नेहसंमेलन, कारखान्याचा महिला मेळावा, कुठल्याशा वाडीतल्या भजनी मंडळाला टाळवाटप. सगळीकडे माझा सत्कार. सगळ्या संस्था अर्थातच बापूसाहेबांच्या. विचारस्वातंत्र्याचा आणि टाळांचा काय संबंध हे मी विचारलं नाही, कारण सत्कारमूर्तीला विचारायला कुणी देत नाही. मला उठवत, शाल घालत, बसवत. जीप नेमकी माझ्या तासाच्या वेळेला यायची. पहिल्यांदा मला तो योगायोग वाटला. माणसाला स्वतःचं कौतुक चाललेलं असताना घड्याळाकडे बघायची बुद्धी होत नाही.

एक दिवस व्हरांड्यात रुक्साना आडवी आली. माझ्या हातात नारळ होता.

"मॅडम, तुमी आता शिकवत न्हाई का?"

"का गं? शिकवते की. जरा कार्यक्रम..."

"न्हाई, तुमच्या तासाला हिरवेसर येत्यात."

हिरवेसर म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक. राज्यघटना त्यांच्या ओळखीची नव्हती.

"ते काय शिकवतात?"

"मैदानात नेत्यात. कवायत घेत्यात. म्हणले, लोकशाहीत शिस्त म्हत्त्वाची. अन् मॅडम, आमचा प्रकल्प रद्द झाला. आता 'आदर्श नेता' असा निबंध लिवायचाय."

"कोणता नेता?"

"त्यो निवडायला मोकळीक हाय," रुक्साना म्हणाली. "फोटो तेवढा ऑफिसातनं घ्यायचा हाय."

मला एकदम अंगावर पाणी पडल्यासारखं झालं. मी नारळ तिच्याच हातात दिला आणि तडक मुळीकसरांच्या खोलीत गेले. वेळापत्रक भिंतीवर होतं. माझं नाव त्यात कुठंही नव्हतं.

"मॅडम, रागावू नका," मुळीकसर गोड आवाजात म्हणाले. "आपण आता केवळ प्राध्यापिका राहिला नाहीत. आपण संस्थेचं भूषण आहात."

"मला भूषण नाही व्हायचं. मला माझा वर्ग द्या."

"वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून?"

"मॅडम," ते कळवळून म्हणाले, "तुम्ही प्रश्न फार विचारता हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बापूसाहेबांच्या बंगल्यावर गेले. ते अंगणात झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. समोर कामं घेऊन आलेली माणसं बसली होती. मला पाहताच त्यांनी सगळ्यांना चहाला आत पिटाळलं आणि झोपाळा पायानं थांबवला.

"या, विचारस्वातंत्र्य," ते म्हणाले. "बसा."

"माझा वर्ग कुणी काढून घेतला?"

"मी."

असं सरळ उत्तर मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी तयार करून आणलेली चार वाक्यं तिथंच वाया गेली.

"पण तुम्हीच तर माझा सत्कार केलात," मी म्हटलं. "ती पेठकरसरांची चूक होती हे मला माहीत आहे, पण..."

"पेठकराची चूक व्हती. माझी नव्हती." ते हसले. "मुळीक माझ्या कानात म्हणले, साहेब, घोटाळा झालाय, हिला काढायचीय, हिला शाल नको. मी म्हणलं, होऊ दे घोटाळा. बाई, तीस वर्सं झाली मला ह्यात. शाल घालताना खांदा कुणाचा हाय ते मला दिसतंय की."

"मग घातलीत कशाला?"

"तुमाला काढली असती तर तुमी कोर्टात गेला असता. पेपरवाले आले असते. पोरं गेटावर बसली असती. इलेक्शन चार महिन्यांवर." त्यांनी पेपरची घडी घातली. "सत्काराविरुद्ध कोर्टात जाता येत न्हाई, बाई. तुमी जावा कुटंबी, सांगा, मला लई शाली घातल्या. कोण ऐकतंय बघू. तुमचा पगार चालू हाय, मान हाय, फिरायला जीप हाय. पोरांच्या डोक्याला ताप न्हाई, माझ्याबी न्हाई. कुणाचं काय बिघडलं?"

"माझा विषय बिघडला."

"विषय काय, पुढल्या वर्षी हायच की," ते म्हणाले आणि झोपाळ्याला पुन्हा पाय लावला. "रविवारी मार्केट यार्डात गुणगौरव हाय. हजार-दीड हजार माणूस येईल. तुमालाबी घेतलंय. जरा चांगली साडी नेसून या."

मी घरी आले ती रडतच. रागाचं रडू होतं ते. मला काढलं असतं तर निदान माझं काही गेलं आहे हे लोकांना दिसलं असतं. या माणसानं माझा वर्ग काढून घेतला होता आणि बदल्यात माझ्या कपाटात शालींची चळत लावली होती. त्या चळतीकडे बोट दाखवून कुणीही मला कृतघ्न म्हणू शकलं असतं. गुळानं मरतो त्याला विष कशाला, ही म्हण मी शाळेत अर्थासह पाठ केली होती. अर्थ आत्ता कळला.

शनिवारी मी पेठकरसरांना गाठलं. ते रविवारच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव करत होते.

"सर, सत्काराला उत्तर द्यायचं असतं ना? उद्या आहे का ते?"

"आहे की. सगळ्यांच्या वतीनं एकानंच द्यायचं. मी तुमचंच नाव घातलंय. बापूसाहेबांनीही मान डोलावली." त्यांनी मायेनं समजावलं, "काही अवघड नसतं. 'हा सत्कार माझा नसून' अशी सुरुवात करायची, मग आईवडील, गुरुजन आणि बापूसाहेब, आणि बसायचं. दोन मिनिटं. आजवर कुणी वेगळं बोललेलं नाही."

"मीही तशीच सुरुवात करीन," मी म्हटलं.

मग मी वाघजाईवाडीला गेले. रुक्साना दारात भांडी घासत होती. मी तिला म्हटलं, "उद्या भर सभेत तुझा प्रश्न विचारू का? तुझं नाव घेऊन? नको म्हणालीस तर नाव घेणार नाही."

तिनं राखेचा हात पदराला पुसला. "घ्या की नाव. गावात समद्यांना ठाऊकच हाय. माझा बाप तर म्हणतोय, मार्क किती पडलं ते तरी सांग." मग जरा थांबून तिनं विचारलं, "मॅडम, तुमाला काढत्याल का?"

"काढतील बहुतेक," मी म्हटलं.

"मग आमाला कोण शिकवणार?"

परतीच्या एसटीत मी तोच विचार करत होते. गप्प बसले तर वर्ग जातो आणि बोलले तर नोकरीसकट जातो. आईला मी काहीच सांगितलं नाही. तिनं आपण होऊन मला तिची निळी साडी काढून दिली.

मार्केट यार्डाचं पटांगण माणसांनी भरलं होतं. वाडीवाडीतून टेम्पो आले होते, वाघजाईवाडीचेही. व्यासपीठावर बापूसाहेब मधोमध, आम्ही गुणवंत दोन्ही बाजूंना. एक कुस्तीगीर होता, एक जास्त दूध देणाऱ्या म्हशीचा मालक होता आणि एक मी. पेठकरसरांनी मला 'विचारस्वातंत्र्याची तेवती ज्योत' केलं. म्हशीच्या मालकाला माझ्याहून जास्त टाळ्या पडल्या आणि त्या रास्तच होत्या. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी माईकपाशी गेले.

"हा सत्कार माझा नसून," मी म्हटलं, आणि बापूसाहेबांनी समाधानानं डोळे मिटून घेतले, "माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचा आहे. ज्या कामासाठी मला शाल मिळाली, ते त्यांनी केलं. बापूसाहेबांचा जाहीरनामा घेऊन ते गावोगाव गेले. त्यातली एक मुलगी वाघजाईवाडीची. रुक्साना मुलाणी."

मागच्या बाजूला वाघजाईवाडीच्या लोकांत गडबड झाली. आपल्या गावाचं नाव माईकवरून आलं की माणसं टाळ्या वाजवतात. त्यांनी वाजवल्या. बापूसाहेबांचे डोळे उघडले.

"तिच्या गावात दवाखान्याच्या तीन कोनशिला आहेत. पहिलीला शेळ्या बांधतात. दुसरीवर धुणं धुतात. तिसरी अजून रिकामी आहे. आणि रुक्सानानं मला वर्गात एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला येत नाही, म्हणून ज्यांना येतं त्यांना विचारते. दवाखाना कितव्या भूमिपूजनाला होतो?"

मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "खरं हाय. माझीच शेळी असती तितं."

असा हशा पिकला की कुस्तीगीर खुर्चीत डुलायला लागला. हसण्यातच टाळ्या मिसळल्या. एकानं दुसऱ्या वाडीच्या पुलाचं विचारलं, आणखी एकानं बंद पडलेल्या नळाचं. बायकांच्या बाजूनंही आवाज यायला लागले. पेठकरसर माईककडे धावले, पण मी अजून तिथंच होते. "पोरांच्या वतीनं आभार," एवढं म्हणून मी जागेवर येऊन बसले. दोन मिनिटं अजून झाली नव्हती.

बापूसाहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. अध्यक्षीय समारोपाला ते उठले, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "बाईंनी बरोबर इचारलं. अशी माणसं मीच घडवली." मग त्यांनी हात वर केला. "वाघजाईवाडीकर, मी शब्द देतो. येत्या महिन्यात दवाखान्याचं भूमिपूजन."

"चवथं," तोच म्हातारा म्हणाला, आणि समारोप तिथंच संपला.

सोमवारी मला बोलावणं आलं. मी घरून निघताना मनाची तयारी करूनच निघाले होते. प्राचार्यांच्या खोलीत मुळीकसर उभे होते आणि त्यांच्या खुर्चीत बापूसाहेब बसले होते.

"शिस्तभंग," मुळीकसर म्हणाले. "संस्थाद्रोह. साहेब, आता तरी..."

"गप बसा, मुळीक." बापूसाहेबांचा आवाज शांत होता. ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमाला काढायची चूक मी पयल्यांदा केली न्हाई, दुसऱ्यांदा करीन का? आता काढली तर समद्या वाड्या इचारतील, त्या कोनशिलेवाल्या बाईला का काढली? पण एक सांगतो. ह्यापुढं तुमचा एकबी सत्कार व्हणार न्हाई. माईक तर तुमाला पेठकराच्या पोराच्या लग्नातबी मिळणार न्हाई."

"बरं."

"अन् कायम करायचं म्हणत असाल तर ते पुढं बघू. वर्सभर लांबणीवर."

"बरं."

"मुळीक, ह्यांचं समदं तास ह्यांना परत द्या. आजपास्नं."

मुळीकसरांचं तोंड उघडंच राहिलं. "वर्ग द्यायचा, साहेब? तिथं तर ह्या पुन्हा प्रश्न..."

"करू द्या की निर्माण. दार लावून करू द्या." बापूसाहेब उठले आणि उपरणं खांद्यावर टाकलं. "अवो, मार्केट यार्डात दीड हजार माणूस व्हतं. वर्गात किती? चाळीस पोरं. त्यातली निम्मी मागं झोपत्यात. चाळीस पोरांनी आमचं काय वाकडं व्हतंय?"

विद्यापीठातल्या परिसंवादांत विचारस्वातंत्र्यावर मी तोवर पुष्कळ ऐकलं होतं. ते घटनेतून येतं, परंपरेतून येतं, झगड्यातून येतं, असं मोठमोठी माणसं सांगायची. मला ते मिळालं ते असं, माईकपासून लांब ठेवायला बरं पडतं म्हणून. मी ते घेतलं. बाहेर तासाची घंटा झाली होती आणि जिन्यात रुक्साना नि तिच्या मैत्रिणी मी कुठल्या बाजूला वळते ते बघत उभ्या होत्या.

"काय, बाई?" बापूसाहेबांनी दारातून विचारलं. "चाळीसच ना?"

"चाळीसच," मी म्हटलं.

दर वर्षी नवी चाळीस येतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.